फिगर स्केटिंग वर्ल्ड्सचं तिकीट काढताय?

नाशिकमधून वर्ल्ड चॅम्पियनशिप बघायला जायचं डोक्यात असेल (दरवर्षी साधारण मार्चमध्ये असते) तर आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डचं इंटरनॅशनल ऑनलाइन पेमेंट चालू करा, ते बहुतेक बंदच असतं आणि ऐन वेळी पेमेंट अडकलं की हातातली सीट गेलीच समजा. सहसा आधी सगळ्या दिवसांचे पास निघतात, सुटी तिकिटं नंतर. सुटंच घेणार असाल तर लक्षात ठेवा, सिंगल्समध्ये शॉर्ट प्रोग्रॅमनंतर (पहिली, छोटी फेरी) पहिले २४च फ्री स्केटला (दुसरी, मोठी फेरी) जातात, म्हणजे आवडता खेळाडू खालच्या रँकचा असेल तर शॉर्टचंच घ्या. सीट शक्यतो जजेसच्या मागच्या लांब बाजूला, स्केटर्स जास्त करून तिकडेच तोंड करून परफॉर्म करतात. आणि स्वेटर न्याच, आत निफाडच्या थंडीसारखा गारठा असतो!