वनमंत्र्यांना विचारायचा प्रश्न कसा लिहावा: बिबट्यांपासून सुरक्षा आणि त्यावरचा खर्च

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके जुन्नर वन विभागात येतात. इथे बिबट्याच्या अनेक पिढ्या उसातच जन्मल्या आणि उसातच वाढल्या आहेत. गावांतून मंत्र्यांकडे जाणाऱ्या निवेदनांत मात्र बहुधा “बिबट्यांचा बंदोबस्त करावा” एवढीच मागणी असते. या मागणीला “कार्यवाही सुरू आहे” असे उत्तर सहज देता येते आणि ते खोटेही ठरत नाही. उत्तर तपासता यावे, असे वाटत असेल, तर सुरक्षेचा आणि खर्चाचा प्रश्न एकाच वाक्यात गुंफून विचारला पाहिजे: कोणत्या उपायासाठी, किती रक्कम, कोणत्या गावात, कोणत्या तारखेला खर्च झाली आणि त्यानंतर तिथे काय बदलले.

याचे उदाहरण डिसेंबर २०२५ च्या नागपूर अधिवेशनातले आहे. बिबट्यांच्या हल्ल्यांवरील चर्चेला उत्तर देताना वनमंत्री गणेश नाईक यांनी असा हिशेब मांडला, की चार मृत्यूंची भरपाई एक कोटी रुपये होते, म्हणून बिबटे वस्तीत येऊ नयेत यासाठी तेवढ्याच रकमेच्या शेळ्या जंगलात सोडाव्यात, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले आहे. एका मृत्यूमागे २५ लाख रुपये, हा त्यातला गुणाकार बरोबर आहे. परंतु शेळ्या कोणत्या वनक्षेत्रात सोडणार, खरेदी कोणत्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातील खर्चाच्या कोणत्या सदरातून) होणार, आणि जो बिबट्या जंगलात राहतच नाही, त्याच्यासाठी जंगलातल्या शेळ्यांचा काय उपयोग, हे पुढचे प्रश्न गावकऱ्यांनी आपल्या आमदारांच्या हाती तयार ठेवले पाहिजेत.

सुरुवात माहितीच्या अधिकारापासून करावी. २००५ च्या या कायद्याखालील अर्ज जुन्नर येथील उपवनसंरक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्यावा; शुल्क १० रुपये असून कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे पिंजरे आणि नुकसानभरपाई यांसाठी दोन वेगळे अर्ज केलेले बरे. “पिंजरे वेळेवर का लावले नाहीत?” असे विचारू नये, कारण कारणमीमांसा करून देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. त्याऐवजी ठरावीक आर्थिक वर्षातील पिंजरे खरेदीचे आदेश, देयके आणि साठा नोंदवहीच्या प्रती मागाव्यात. भरपाईच्या अर्जात प्रत्येक प्रकरणाच्या चार तारखा मागाव्यात: घटनेची, पंचनाम्याची, मंजुरीची आणि खात्यात रक्कम जमा झाल्याची. अर्जदारांची नावे मागण्याची गरज नाही. ज्यांच्या घरात मृत्यू झाला आहे, त्यांची नावे कागदोपत्री फिरवणे मला योग्य वाटत नाही.

हे कागद हातात आले, की मसुदा तयार करून आमदारांना भेटावे. विधानसभेचे आमदार उपलब्ध नसतील, तर पुणे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतून विधान परिषदेवर गेलेले सदस्यही हा प्रश्न मांडू शकतात. तारांकित प्रश्नाची, म्हणजे ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात त्या प्रश्नाची, सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशन तोंडावर आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. ऐनवेळच्या घटनेसाठी लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे सभागृहात मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना, हा मार्ग आहे.

तारांकित प्रश्नाची ठरलेली भाषा नीट समजून घ्यावी, कारण उत्तरातल्या पळवाटा तिथूनच निघतात. “सन्माननीय वनमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय” अशी सुरुवात होते; पहिल्या भागात “हे खरे आहे काय”, दुसऱ्यात “असल्यास, कोणती कार्यवाही केली”, आणि शेवटी “नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत” असे विचारले जाते. पहिल्याच भागात पाच विधाने कोंबली आणि त्यांतले एक जरी चुकले, तरी “हे अंशतः खरे आहे” असे उत्तर येते, आणि शेवटच्या भागापुढे “प्रश्न उद्भवत नाही” एवढेच छापून येते. म्हणून पहिल्या भागात एकच विधान असावे, आणि तेही खात्याच्याच कागदातून उचललेले असावे. उदाहरणार्थ, “अमुक वर्षात खरेदी केलेल्या पिंजऱ्यांपैकी इतके पिंजरे साठा नोंदवहीनुसार नादुरुस्त आहेत, हे खरे आहे काय?” हे विधान खात्याला नाकारता येत नाही.

खर्चाबाबत तीन आकडे वेगवेगळे मागावेत: मंजूर तरतूद, वितरित निधी आणि प्रत्यक्ष खर्च. मंत्री घोषणा करतात, ती बहुधा तरतुदीची असते. गावाला उपयोग होतो, तो प्रत्यक्ष खर्चाचा. वनीकरण आणि वन्यजीव यांचे मुख्य लेखाशीर्ष २४०६ आहे, तर जिल्हा नियोजन समितीचा निधी वेगळा असतो, त्यामुळे “सर्व स्रोतांतून” हे शब्द लिहायला विसरू नये. खर्च महिनावार मागितल्यास मार्चअखेर किती रक्कम घाईने उडवली, हेही दिसते.

काही प्रश्न वनमंत्र्यांचे नसतातच. रात्री उसाला पाणी धरायला जाणारा शेतकरी सर्वाधिक धोक्यात असतो, परंतु शेतीपंपांना दिवसा वीज देणे ऊर्जा खात्याच्या हाती आहे. तो प्रश्न तिकडेच पाठवावा. तसेच बिबट्याला ठार करण्याची मागणी करताना हेही ध्यानात घ्यावे, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, आहे आणि कलम ११ नुसार असा लेखी आदेश देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाचा आहे. तेव्हा “प्रस्ताव कोणत्या तारखेला पाठवला आणि आदेश कोणत्या तारखेला आला” हे विचारणे जास्त फलदायी ठरते.

माहिती अधिकाऱ्याकडून ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा अपुरे आले, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे पहिले अपील करावे आणि त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरे. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिले असेल, तर कार्यवाहीतील तो उतारा जपून ठेवावा, त्यावर ग्रामसभेचा ठराव घ्यावा आणि दोन्हींच्या प्रती आमदारांमार्फत, मंत्र्यांची आश्वासने पाळली गेली का हे पाहणाऱ्या विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे पाठवाव्यात.