मॉडेल देखणं झालं, मार्क कुठे गेले?

डिजिटल हेरिटेजचं, म्हणजे जुन्या वारशाची कॉम्प्युटरवर नोंद आणि मॉडेलं करण्याचं, मास्टर्स दूरशिक्षणाने करायचं ठरवलंच असेल, तर फी भरण्याआधी समकक्षतेची चौकशी करा. परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पदवी इथल्या सरकारी नोकरीला चालेल असं धरून चालू नका, यूजीसीला, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाला, लेखी विचारा. माझी नोकरी खासगी, म्हणून मी निभावले. एसओपी (प्रवेशासाठी स्वतःबद्दल लिहायचं निवेदन), शिफारसपत्रं वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच.

माझा प्रकल्प होता साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर. वीरूबाई भोसल्यांच्या काळातली, अठराव्या शतकातली, आत चक्क महाल. फोटोग्रामेट्री, म्हणजे ढीगभर फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल बनवणं, शिकायला याहून छळणारी जागा नाही. वर रणरणतं ऊन, महालात काळोख, तळाला पाणी. पाण्यात भिंतीचं प्रतिबिंब पडतं, सॉफ्टवेअर त्यालाही भिंतच समजतं आणि खाली दगडांचा नुसता लगदा होतो. ढगाळ दिवस गाठा. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर (उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटा) लॉक करा. लागोपाठच्या दोन फोटोंत 70-80 टक्के भाग सारखा येऊ द्या. फोटोंचं मॉडेल करणारं मेशरूम हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण त्याला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं. लॅपटॉप घेताना हे बघा. दहा मिनिटांत मॉडेल देणारी मोबाइल ॲप्स लग्नाच्या रील्ससाठी ठीक आहेत.

एवढं जमलं की खरा सापळा लागतो. मॉडेल देखणं होतं, घरचे खूश होतात, आणि मार्क जेमतेम पडतात. माझ्या असाइनमेंटवर शेरा होता: हा कोपरा कशाच्या आधारे भरलात?

लंडन चार्टर, म्हणजे वारशाची कॉम्प्युटरवर मॉडेलं करण्याची तत्त्वं सांगणारा मसुदा, सगळेच वाचतात. 2006 चा, मग 2009 ची सुधारित आवृत्ती. पुरावा कुठे संपतो आणि अंदाज कुठे सुरू होतो हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे, हा त्याचा गाभा. त्यासाठी घेतलेल्या निर्णयांची नोंद म्हणजे पॅराडेटा. परीक्षेत हे लिहिता येतं. काम करताना मात्र ‘नंतर लिहू’ म्हणून राहून जातं. फोटो न आलेल्या जागी मॉडेलला भोक पडतं. एक बटण दाबलं की ते बुजतं, आणि तिथे गिलावा केल्यासारखं गुळगुळीत ठिगळ दिसतं. महिन्याभराने तुम्हालाच वाटतं, तिथे गिलावाच होता! म्हणून त्याच संध्याकाळी लिहा: कोणते फोटो टाकून दिले, कोणती भोकं कुणी बुजवली, सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, सेटिंग काय. साधी वही चालते. वर्गात शेजारचा तरी विचारतो, ‘हे कसं केलंस?’ घरी बसून शिकताना विचारणारं कुणी नसतं, म्हणून हे सुटतं.

घाबरू नका, तांत्रिक भाग हाताला बसतो. इतिहासातून आलेली माणसं तो पटकन उचलतात. सॉफ्टवेअरवाल्यांना ‘आधार काय’ हे विचारायची सवय लागायला वेळ लागतो, असं माझं मत. गाईड निवडताना नावावर जाऊ नका. मोठ्या नावाचा माणूस तीन आठवडे मेलला उत्तर देत नसेल, तर त्या नावाचं करायचं काय?

आणि वेळा. ब्रिटनची दुपारी बाराची डेडलाइन हिवाळ्यात आपल्याकडे साडेपाचला येते, उन्हाळ्यात साडेचारला. तिकडची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातात. नेमकी तेव्हाच इथे ऑफिसात इयर-एंडिंगची धांदल असते, त्यामुळे त्या आठवड्यातलं काम शुक्रवारीच अपलोड करून टाका.