बेळगावात दुकानाची पाटी लावायची आहे? बोर्डवाल्याकडे जाण्याआधी हे करा

नवे दुकान म्हटले की पहिली ऑर्डर जाते ती बोर्डाची. मुहूर्त ठरलेला असतो, पाटी चढते, नारळ फुटतो आणि मग कधीतरी हातात नोटीस पडते. क्रम उलटा झाला की खर्च दुप्पट होतो. म्हणून पाटी रंगवायला देणे हे सगळ्यात शेवटचे काम समजा.

आधी हद्द पाहा. खडेबाजार, गणपत गल्ली, शहापूर, टिळकवाडी, अनगोळ या भागांत महापालिका. कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या भागात, दुकान असेल तर मात्र कॅन्टोन्मेंट बोर्ड. तिथे महापालिकेचा कागद चालत नाही. निपाणीत नगरसभा, खानापुरात नगरपंचायत, येळ्ळूरसारख्या गावात ग्रामपंचायत. पुणे-बेंगळूर महामार्गालगत धंदा असेल तर रस्त्याच्या हद्दीत, म्हणजे महामार्गासाठी संपादित झालेल्या जागेत, खांब रोवू नका. ती जमीन महामार्ग खात्याची असते, स्थानिक परवान्याने तिथे हक्क मिळत नाही.

मग दुकानाचा परवाना. ज्याला आपण ट्रेड लायसन्स म्हणतो तो महापालिका हद्दीत 1976 च्या कर्नाटक महापालिका कायद्याच्या कलम 353 खाली मिळतो. अर्ज ई-व्यापार पोर्टलवर करता येतो. जागेचा खाता उतारा (महापालिकेच्या दप्तरातली जागेची नोंद), घरपट्टीची पावती, भाड्याची जागा असल्यास करारपत्र आणि आधार हाताशी ठेवा. याशिवाय धंदा सुरू झाल्यापासून 30 दिवसांच्या आत कामगार खात्याकडे दुकान नोंदवावे लागते, 1961 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे.

दोन्हीकडे नाव अक्षर न् अक्षर सारखे लिहा आणि पाटीवरही तेच येऊ द्या. जीएसटी नोंदणी असेल तर नोंदणी क्रमांक प्रवेशद्वारावरच्या पाटीवर लिहिणे सक्तीचे आहे. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठराविक दराने कर भरण्याची सोय) असाल तर तसा उल्लेखही पाटीवर हवा. बरेच जण हे विसरतात आणि नंतर स्टिकर चिकटवत बसतात.

आता भाषा आणि माप. आपल्या भागात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. कन्नड भाषा सर्वसमावेशक विकास कायदा 2022 चा, त्यात 2024 साली दुरुस्ती झाली. त्यानुसार नामफलकावर 60 टक्के कन्नड हवे आणि ते फलकाच्या वरच्या बाजूला हवे. पण उरलेल्या 40 टक्क्यांत कोणती भाषा असावी यावर बंदी नाही. तिथे मराठी लिहिणे पूर्णपणे कायदेशीर आहे. ‘मराठी लिहिले तर काढायला लावतील’ या धास्तीने कित्येक जण आपणहून मराठी गाळतात आणि खाली फक्त इंग्रजी ठेवतात. याचे मला मनापासून वाईट वाटते. आपले गिऱ्हाईक मराठी वाचते. आजोबांनी ठेवलेले दुकानाचे नाव मराठी आहे. ते त्याच्या लिपीत दिसले पाहिजे, आणि त्यासाठी भांडायची गरज नाही, मापपट्टी पुरते.

समजा बोर्ड 10 फूट लांब आणि 3 फूट उंच आहे. उंची 36 इंच, त्याचे 60 टक्के 21.6 इंच. वरचे 22 इंच कन्नडला द्या. खाली 14 इंच उरतात. त्यातले 9 इंच मराठी नावाला, 5 इंच इंग्रजी आणि जीएसटी क्रमांकाला. सगळे स्वच्छ वाचता येते. बोर्ड 2 फुटांचा केला तर खाली जेमतेम साडेनऊ इंच उरतात आणि मराठी चिमटून बसते. म्हणून भिंत परवानगी देत असेल तर उंची वाढवा, लांबी नव्हे. कन्नडची अक्षरे लहान ठेवून रंगाचा पट्टा तेवढा मोठा दाखवण्याची युक्ती करू नका. तपासणीला आलेला माणूस अक्षरे पाहतो.

कन्नड मजकूर जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. कन्नडमध्ये ए आणि ओ यांना ऱ्हस्व आणि दीर्घ अशी वेगवेगळी अक्षरे आहेत. देसाई, जोशी ही नावे दीर्घाने लिहावी लागतात. मोबाईलवरून उतरवलेला मजकूर इथेच चुकतो, आणि चुकलेले कन्नड वाचणाऱ्यालाही खटकते. दुसऱ्याची भाषा नीट लिहिली की आपली नीट लिहायला सांगण्याचा हक्क राहतो.

नियम मोडल्यास दंड पहिल्यांदा 5,000 रुपयांपर्यंत, दुसऱ्यांदा 10,000, त्यापुढे 20,000 आणि परवाना रद्द होण्याची पाळी.

फुकटचा बोर्ड घेताना विचार करा. शीतपेयाची किंवा मोबाईलची कंपनी बोर्ड लावून देते, पैसे वाचतात. पण त्यात दुकानाचे नाव कोपऱ्यात आणि कंपनीचे चिन्ह भिंतभर असते. आपल्या इमारतीवर आपल्याच धंद्याची पाटी आणि दुसऱ्याच्या मालाची जाहिरात यांत कायदा फरक करतो. जाहिरातीला आयुक्तांची लेखी परवानगी लागते, आणि 60 टक्क्यांचे गणितही अशा बोर्डावर सहसा बसत नाही. घ्यायचाच असेल तर आराखडा आधी मागा, माप आपण ठरवा, परवानगीची जबाबदारी कोणाची ते कंपनीकडून लिहून घ्या.

आता भिंत, वीज आणि फ्लेक्स. भाड्याचे दुकान असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. पाटी रस्त्यावर किंवा गटारावर पुढे येऊ देऊ नका. रहदारीला अडथळा म्हणून महापालिका ती उतरवू शकते. आपल्या अरुंद गल्ल्यांत विजेच्या तारा हाताला लागतील इतक्या जवळ असतात. तारेपासून आडवे किमान 1.2 मीटर अंतर सुटले पाहिजे. जागाच नसेल तर हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, कार्यालयात अर्ज द्या आणि उत्तर येईपर्यंत शिडी लावू नका. पेटता बोर्ड असेल तर जोडणी स्वतःच्या मीटरवरून, परवानाधारक वायरमनकडूनच. फ्लेक्स स्वस्त पडतो, पण कर्नाटकात मार्च 2016 पासून त्यावर बंदी आहे. पत्र्यावर रंगवलेली किंवा अ‍ॅक्रिलिक अक्षरांची पाटी करा. सार्वजनिक भिंतीवर वा खांबावर विनापरवाना जाहिरात लावणे हा सार्वजनिक जागांचे विद्रूपीकरण रोखणाऱ्या 1981 च्या कर्नाटक कायद्याने गुन्हा आहे, मग ती उद्घाटनाची असो की सेलची.

पाटी चढली की समोरून फोटो काढा, मापे दिसतील असा. परवाना आणि बोर्डवाल्याचे बिल त्याच फाईलमध्ये लावा. कोणी तोंडी ‘काढा’ म्हणाले तर वाद न घालता लेखी नोटीस आणि कलम मागा, आणि मुदतीत लेखी उत्तर देऊन पोच घ्या. परवान्याची मुदत 31 मार्चला संपते. नूतनीकरणाचा अर्ज फेब्रुवारीतच भरून टाका.