पाकिटांचा गठ्ठा टपालात टाकण्याआधी

टपालहशील कमी पडलं की भुर्दंड बऱ्याचदा पत्र घेणाऱ्याला बसतो. ज्या ग्राहकाकडून बिल वसूल व्हायचं, त्याच्याच दारात उभं राहून पोस्टमन पैसे मागतो. त्याने नाकारलं तर पाकीट परत येतं, तोवर मुदत उलटलेली असते. म्हणून पाकिटं छापायला टाकायच्या आधीच ही तयारी करा, तिकिटं आणायच्या वेळी नव्हे.

आधी एक नमुना पाकीट पूर्ण तयार करा: पत्र, माहितीपत्रक, उत्तरासाठीचं पाकीट, लेबल, सगळं घालून, चिकटवून. 80 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम भरणारा) एक ए-4 कागद साधारण 5 ग्रॅम भरतो. तीन कागदांचे झाले 15, आणि रिकामं डीएल, म्हणजे लांबट, पाकीटही जवळपास 5 ग्रॅमचं. दराची पहिली पायरी 20 ग्रॅमची असेल तर आपण अगदी काठावर आहोत. लेटरहेड 100 जीएसएमचं घेतलं की कागदामागे सव्वा ग्रॅम वाढतो आणि अख्खा गठ्ठा वरच्या दरात जातो. काटा बारीक वजन नीट दाखवत नसेल, तर अशी दहा पाकिटं एकदम ठेवा आणि दहाने भागा. काठावर थांबू नकाच. दमट हवेत कागद ओल धरतो आणि वजन वाढतं.

वजन बसलं म्हणजे काम झालं असं मात्र नाही, खरा दगा आकार आणि जाडी देतात. ए-4 कागद तीन भागांत दुमडले की 110 गुणिले 220 मिमीच्या डीएल पाकिटात बसतात. तेच कागद न दुमडता सी-4, म्हणजे ए-4 सपाट मावेल अशा, पाकिटात घातले, तर अनेक देशांत मोठ्या पत्राचा दर लागतो. चौकोनी पाकीट देखणं दिसतं, पण छाननीच्या यंत्राला ते सोयीचं नाही. अमेरिकेत लांबीला उंचीने भागून उत्तर 1.3 ते 2.5 च्या बाहेर गेलं की पत्राला जादा शुल्क पडतं, वजन कितीही कमी असो.

ब्रिटन आणि जर्मनीत साध्या पत्राची जाडी 5 मिमीपर्यंतच चालते. आपल्याला लागू असेल तेवढ्या रुंदीची फट जाड पुठ्ठ्यात कापून ठेवा. पाकीट न ढकलता आपोआप खाली सरकलं पाहिजे. पेन, पेनड्राइव्ह, धातूची क्लिप यांनी एकाच जागी फुगवटा येतो, आत कडक पुठ्ठा असला तर पाकीट यंत्रात वाकत नाही. अशा वस्तू वेगळ्या पाठवलेल्या बऱ्या.

दरपत्रक टपाल खात्याचंच आणि ताजं बघा, कपाटावर चिकटवलेलं जुनं नको. फ्रँकिंगवरची (तिकिटाऐवजी यंत्राने छापलेल्या टपालशिक्क्यावरची) तारीख टपालात टाकायच्या दिवसाचीच हवी. परदेशची पाकिटं पहिल्यापासून वेगळी काढा, त्यांचे दर निराळे असतात.

उरलेली पाकिटं बंद करण्याआधी नमुना घेऊन खिडकीवर जा, वजन आणि माप तिथल्या कर्मचाऱ्याकडून करून घ्या आणि त्यांनी सांगितलेला दर त्याच पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवा.