स्कीच्या गावात हिवाळाभर राहायचंय? आधी खोली बघा, मग बर्फ

अख्खा हिवाळा स्कीच्या गावात काढायचा असेल तर उतारांचे फोटो नंतर बघा. कॅनडातल्या व्हिसलरसारख्या नावाजलेल्या ठिकाणी परवडणारी खोली मिळणं हीच खरी अडचण. म्हणून राहायच्या सोयीसकट नोकरी मिळत असेल, तर पगार जरा कमी असला तरी मी तीच घेईन. कॅनडातल्याच बॅन्फला तर नुसती हौस पुरत नाही. गाव राष्ट्रीय उद्यानात असल्यामुळे तिथे राहायला नोकरी-व्यवसायासारखं ठोस कारण लागतं.

मग उंची. फ्रान्समधलं व्हाल तोराँस सुमारे २,३०० मीटरवर, शामोनी गाव जेमतेम १,०३५. उंचावर बर्फ टिकतो, पण झाडं नसल्यानं वादळात पुढचं काही दिसत नाही आणि स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टही बंद ठेवतात. शामोनीत उतार दरीभर विखुरलेले, तेव्हा बसथांबा घरापासून किती लांब, हे विचाराच. ताठ बूट घालून, खांद्यावर स्की घेऊन गोठलेल्या रस्त्यावर पंधरा मिनिटं चालणं सुट्टीत मजेचं वाटतं, रोज नाही. रात्री बूट वाळवायला उबदार जागा आहे का, हेही बघा. सीझन पास, म्हणजे हिवाळाभर लिफ्ट वापरायचा पास, बहुतेक ठिकाणी लवकर घेतला तर स्वस्त पडतो. मात्र नोकरीबरोबर तो मिळणार असेल, तर पैसे भरायची घाई नको.