गृहकर्जाची फाईल कुठे अडली होती
पहिलंच घर. अर्ज दिला की नुसती वाट बघायची, असं वाटलं होतं. ३ आठवडे रोज फोन, रोज तेच उत्तर: ‘प्रोसेसमध्ये आहे.’ शेवटी ‘कधी होईल?’ सोडून विचारलं, ‘फाईल नेमकी कशासाठी थांबलीय?’ तेव्हा कळलं, माझ्या खात्यात एकरकमी आलेले पैसे खटकत होते. बाबांनी डाउन पेमेंटसाठी दिलेले. पण बँकेला ते उसने वाटू शकतात, हे डोक्यातच आलं नव्हतं. पैसे परत घ्यायचे नाहीत असं बाबांच्या सहीचं पत्र आणि त्यांचा खातेउतारा दिला. ४ दिवसांत मंजुरी. (मध्ये घाबरून आणखी दोन बँकांत अर्ज टाकणार होतो, बायकोने अडवलं. प्रत्येक अर्जावर बँक करते ती चौकशी क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदीत, दिसते.)