इकॉलॉजी आणि वन्यजीव शिक्षणासाठी अर्ज करताना: ठाणे-नवी मुंबईच्या पदवीधरांसाठी

‘मला लहानपणापासून प्राण्यांची आवड आहे’ हे वाक्य एसओपीतून (अर्जासोबत लिहायच्या उद्देशपत्रातून) आधी काढून टाका. अर्ज करणाऱ्या प्रत्येकालाच ती आवड असते, त्यामुळे निवड करणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. त्याला दोन गोष्टी बघायच्या असतात. मोजून उत्तर काढता येईल असा प्रश्न तुम्हाला विचारता येतो का, आणि तो प्रश्न घेऊन चिखलात, उन्हात, पार कंटाळा येईपर्यंत तुम्ही टिकता का. गुणपत्रिका, एसओपी, शिफारसपत्रं ही सगळी याच दोन गोष्टींचा पुरावा म्हणून वाचली जातात. म्हणून अर्जाची तयारी फॉर्म भरण्याच्या दीड वर्ष आधी, दुर्बीण आणि वही घेऊन सुरू होते.

पण त्याआधी पदवी कोणती हवी ते ठरवा. इकॉलॉजी हे ‘असं का होतं’ विचारणारं शास्त्र आहे. वन्यजीव व्यवस्थापन ‘मग आता काय करायचं’ असं विचारतं. दोन्हींचे अभ्यासक्रम वेगळे, नोकऱ्याही बऱ्याच वेगळ्या. त्यातही ‘वाइल्डलाइफ मॅनेजमेंट’ या शब्दांचा अर्थ देशागणिक बदलतो, आणि आपली मुलं मुलाखतीत इथेच अडखळतात. अमेरिकेत हा विषय शिकारीच्या नियमनातून वाढला. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि दारूगोळ्यावरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला, आणि आजही तिथल्या कितीतरी एम.एस. प्रकल्पांत हरणं, बदकं, रानटर्की यांपैकी दरवर्षी किती मारू द्यायची हाच मूळ प्रश्न असतो. तिथे त्याला ‘हार्वेस्ट’ म्हणतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकार बंद केली, त्यामुळे इथलं व्यवस्थापन संरक्षित क्षेत्रं, माणूस-बिबट्या संघर्ष, पुनर्वसन यांभोवती फिरतं. शिकारीबद्दल तुमचं मत काहीही असो, हा फरक ठाऊक नसताना तिकडच्या प्राध्यापकाला पत्र लिहू नका.

घरच्यांसाठी एक खुलासा. भारतीय वन सेवा किंवा एमपीएससीची वनसेवा यांसाठी वन्यजीवशास्त्राची एम.एस्सी. लागत नाही. ठरावीक विषयांतली पदवी आणि स्पर्धा परीक्षा, हा तो रस्ता. वनखात्याचा गणवेश हवा असेल तर या एम.एस्सी.त दोन वर्षं घालवण्याआधी नीट विचार करा.

आता पुराव्याकडे येऊ. याबाबतीत आपल्या भागातल्या मुलांचं नशीब चांगलं आहे. २०१५ साली घोषित झालेलं, सुमारे १,६९० हेक्टरचं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य दाराशी आहे, २०२२मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जाही मिळाला. ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. येऊरमधून सरळ संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शिरता येतं. पनवेलपुढे कर्नाळा. एवढं असून बहुतेक अर्जांत ‘फ्लेमिंगो फेस्टिव्हलमध्ये स्वयंसेवक’ आणि ‘तिवरांची स्वच्छता मोहीम’ एवढंच दिसतं. ही कामं चांगलीच आहेत, पण त्यांतून डेटा येत नाही.

रोहित (फ्लेमिंगो) मोजणं हे उदाहरण घ्या, कारण बहुतेकांची पहिली चूक तिथेच होते. सुट्टी रविवारी असते म्हणून मुलं दर रविवारी सकाळी आठला नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर जाऊन मोजतात. आकडे येतात ते असे: एका रविवारी हजारो, पुढच्या रविवारी शे-पन्नास, मग पुन्हा हजारो. निष्कर्ष निघतो की ‘संख्येत मोठे चढउतार आहेत’. खरं कारण भरती-ओहोटी. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे सात दिवसांत जवळपास सहा तास. या रविवारी आठला भरती असेल तर पुढच्या रविवारी आठला ओहोटीच असणार. ओहोटीला रोहित खाडीच्या उघड्या पडलेल्या चिखलावर चरायला पांगतात. भरतीने चिखल बुडवला की एनआरआय, टी. एस. चाणक्य, डीपीएस तलाव अशा पाणथळींवर येऊन उभे राहतात. म्हणजे तुम्ही पक्षी मोजत नव्हता, घड्याळ मोजत होता.

दुरुस्ती सोपी आहे. भरती-ओहोटीचं कोष्टक घ्या, आणि पूर्ण भरतीच्या एक तास आधी ते एक तास नंतर एवढ्याच वेळात मोजा, मग तो दिवस कुठला का असेना. नोव्हेंबर ते मे, महिन्यातून दोनदा, म्हणजे १४ गणना होतात. थवा मोठा असेल तर आधी ५० किंवा १०० पक्षी एकेक करून मोजा, तेवढा ठोकळा नजरेत बसवा आणि तो थव्यावर सरकवत जा. दोघांनी एकमेकांना आकडा न सांगता मोजायचं. दोन आकड्यांतला फरक हीच तुमच्या चुकीची मोजपट्टी. मोठे रोहित आणि छोटे रोहित वेगळे लिहा. जमत नसेल तर ‘ओळख नाही’ असा तिसरा रकाना करा, अंदाजाने वाटून टाकू नका. शून्य पक्षी दिसले तर शून्य लिहा. वही कोरी ठेवली की सहा महिन्यांनी त्या दिवशी पक्षी नव्हते की तुम्ही गेलाच नव्हता, हे सांगता येत नाही. कुत्री, ड्रोन, फोटोवाले यांच्याही नोंदी ठेवा; कदाचित तुमचा प्रश्न त्यातूनच निघेल.

खाडी लांब पडत असेल तर ठाण्यातले तलाव आहेत. मासुंदा, उपवन, कचराळी, रायलादेवी: आकार वेगळे, काठ वेगळे, वर्दळ वेगळी. काँक्रीटचा काठ किती टक्के आहे आणि त्याचा बगळे, पाणकावळे, खंड्या यांच्याशी काही संबंध दिसतो का, हा प्रश्न छोटा आहे, पण तो प्रश्न आहे. कांदळवनाकडे ओढा असेल तर १० बाय १० मीटरचे चौकोन आखून, जमिनीपासून १.३ मीटरवर खोडाचा घेर मोजतात, घेराला ३.१४ने भागून व्यास काढतात. तिवराला खालपासूनच दोन-तीन खोडं फुटलेली असतील तर प्रत्येक खोड वेगळं मोजून झाड मात्र एकच धरायचं. हे पहिल्या चौकोनाआधी ठरलं नाही, तर दहाव्या चौकोनाला दोन मित्रांच्या दोन पद्धती झालेल्या असतात.

परवानगीचं काय? संरक्षित क्षेत्रात संशोधनासाठी शिरायला १९७२च्या कायद्याच्या कलम २८खाली परवाना लागतो, राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपुरात आहे, आणि अर्ज संस्थेच्या किंवा कॉलेजच्या पत्रावर गेलेला बरा. पदवीच्या मुलांनी येऊरमध्ये स्वतःच ट्रॅप कॅमेरे (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे) बांधायला जाऊ नये. एसओपीत तसं लिहिलंत तर वाचणारा सगळ्यात आधी परवाना कोणाचा हे विचारेल. कांदळवनालाही हेच लागू, त्यातलं बरंचसं आता राखीव वन आहे. त्यापेक्षा परवाना असलेल्या चालू प्रकल्पात मदतनीस व्हा. १८८३पासून काम करणाऱ्या बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पक्षिशास्त्राचे अभ्यासक्रम असतात. तिथे आणि कांदळवन प्रतिष्ठानाकडे संशोधन प्रकल्प चालतात, जाहिरातींवर लक्ष ठेवा. प्रकल्पात ट्रॅप कॅमेऱ्यांतले हजारो फोटो वेगळे करायचं कंटाळवाणं काम मिळालं तर नाही म्हणू नका. शिफारसपत्र लिहिण्याइतकं तुम्हाला ओळखणारा माणूस तिथेच भेटतो.

सोबत आर (संख्याशास्त्रासाठी) आणि क्यूजीआयएस (नकाशांसाठी) ही सॉफ्टवेअर शिका, दोन्ही फुकट आहेत. दुर्बीण ८ बाय ४२ची पुरते. कॅमेऱ्यावर लाखभर घालवायचे असतील तर तो छंद म्हणून घ्या. तुमचे फोटो किती सुंदर आहेत यावर प्रवेश ठरत नाही.

भारतातले पर्याय मोजके, पण दमदार आहेत. बंगळुरूच्या एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) या संस्थेची वन्यजीवशास्त्र आणि संवर्धनाची एम.एस्सी. २००४पासून चालते. प्रवेश एक वर्षाआड, जागा जेमतेम पंधराच्या आसपास, आणि पदवी कोणत्याही शाखेची चालते, त्यामुळे इंजिनिअरही तुमच्या शेजारी परीक्षेला बसलेला असेल. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था वन्यजीवशास्त्राची एम.एस्सी. चालवते. पुण्यात भारती विद्यापीठाच्या पर्यावरण संस्थेत वन्यजीव संवर्धनाचा आणि गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचा अभ्यासक्रम आहे. पुद्दुचेरी विद्यापीठात इकॉलॉजीचा विभाग आहे. वनशास्त्राकडून यायचं असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय बघा. मुंबई विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून पुढे पीएच.डी.ला इकॉलॉजीकडे वळणं हाही सरळ मार्ग आहे, तो कमी दर्जाचा मानू नका.

प्रवेश परीक्षांत प्राण्यांची नावं पाठ असण्यापेक्षा आलेख वाचता येणं, साधी संभाव्यता आणि संख्याशास्त्र यांचा उपयोग जास्त होतो. मुलाखतीत ‘हा प्रयोग तुम्ही कसा आखाल’ असं विचारलं की घाई करू नका. आधी विचारा, तुलना कशाशी करायची? रोहितांची ती भरती-ओहोटीची भानगड ज्याने स्वतः सोडवली आहे त्याला हे सुचतं, बाकीचे ‘जनजागृती करू’ म्हणतात.

पीएच.डी.साठी नेटच्या जीवशास्त्र पेपरात इकॉलॉजी आणि उत्क्रांती-वर्तन असे स्वतंत्र घटक आहेत. गेटमध्ये तर ‘इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ असा वेगळा पेपरच असतो, त्याचा स्कोअर तीन वर्षं चालतो. जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी किंवा तितक्या ग्रेडने पूर्ण केलेल्यांना २०२२च्या यूजीसी नियमांनुसार थेट पीएच.डी.लाही अर्ज करता येतो.

अमेरिकेचं गणित पूर्ण वेगळं. तिथे या विषयात विद्यापीठ निवडत नाहीत, गाइड निवडतात. थीसिसवाल्या एम.एस.चा पैसा बहुतेक वेळा त्या प्राध्यापकाच्या ग्रँटमधून किंवा टीचिंग असिस्टंटशिपमधून येतो, आणि तुम्हाला घ्यायला एकही प्राध्यापक तयार नसेल तर ९ सीजीपीए असूनही अर्ज पडून राहतो. त्यामुळे शेवटची तारीख १ डिसेंबर ते १५ जानेवारीच्या दरम्यान असली तरी पत्रं ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्येच जायला हवीत. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या वन्यजीव जॉब बोर्डावर पगारी एम.एस.-पीएच.डी. जागांच्या जाहिराती येतात, तो रोज चाळा.

पत्र दोनशे शब्दांत संपवा. विषयाच्या ओळीत पदवी, कोणत्या सत्रासाठी आणि विषय. पहिल्या परिच्छेदात त्यांच्या एका ताज्या शोधनिबंधातली नेमकी गोष्ट आणि त्यावरचा तुमचा प्रश्न. दुसऱ्यात तुम्ही काय मोजलं, किती वेळा, कशाने, काय निघालं. शेवटी थेट विचारा: पुढच्या ऑगस्टसाठी विद्यार्थी घेणार आहात का, निधी आहे का? सोबत दोन पानांचा सीव्ही. नऊ प्रमाणपत्रांची पीडीएफ जोडू नका. ‘रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम’ तर नकोच, त्यावरून एकच पत्र पन्नास जणांना गेल्याचं लगेच कळतं. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा. त्यानंतर सोडून द्या.

तीन वर्षांची बी.एस्सी. अमेरिकेतली काही विद्यापीठं मानतात, काही मानत नाहीत. फी भरायच्या आधी ग्रॅज्युएट ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. एका अर्जाची फी साधारण ५० ते १०० डॉलर असते. सीजीपीए दहापैकी जितका आहे तितकाच लिहा, चारच्या मोजपट्टीवर स्वतः उतरवू नका. मुंबई विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट कलिन्याहून काढायचं असतं. केटी असेल तर त्या प्रयत्नाच्या गुणपत्रिकाही हाताशी ठेवा, आणि हे काम गणपतीच्या आधीच उरका.

शिफारसपत्रं तीन. सर-मॅडमना किमान दीड महिना आधी विचारा आणि एक पान टिपणं द्या: कोणता प्रकल्प, कोणत्या वर्षी, तुम्ही नेमकं काय केलं. १२० मुलांच्या वर्गातल्या तुम्हाला त्यांनी लक्षात ठेवावं ही अपेक्षा चूक आहे. त्यांच्याकडे कॉलेजचा ईमेल आहे का तेही आधीच बघा, कारण परदेशी पोर्टलं जीमेलवर शंका घेतात. तिसरं पत्र फील्डवर बरोबर काम केलेल्या माणसाचं हवं. नगरसेवकाचं नको.

युरोपचं थोडक्यात. इरास्मस मुंडसचे संयुक्त अभ्यासक्रम शिष्यवृत्तीसह असतात. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही किंवा थोडं आहे, पण भारतीयांना एपीएस (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) प्रमाणपत्र लागतं, त्याला वेळ धरा. ब्रिटनची एम.एस्सी. एका वर्षात होते पण महाग आहे. तिथल्या सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिचे निकष जाहिरातीत नीट वाचा.

ऑफर आली की स्टायपेंडचा आकडा बघून हुरळू नका. तो नऊ महिन्यांचा की बारा? नऊचा असेल तर उन्हाळ्यात काय? ट्यूशन माफ असली तरी वेगळी फी किती, आरोग्य विमा कोण भरणार, फील्डला गाडी कोणाची? हे प्रोफेसरला विचाराच, आणि त्याच लॅबमधल्या सध्याच्या दोन विद्यार्थ्यांनाही व्हिडिओ कॉलवर वेगवेगळे गाठून विचारा: गाइड उत्तर किती दिवसांत देतो, मागचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले. असिस्टंटशिपसह आलेल्या ऑफरला बहुतेक अमेरिकन विद्यापीठांत १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायची मुभा असते. मार्चमध्येच कुणी ‘दोन दिवसांत सांगा’ म्हणून घाई केली, तर त्या तारखेची आठवण नम्रपणे करून द्या आणि राहिलेली उत्तरं येऊ द्या.